भेजकाकांचं वाळवणाचं मशीन

टेम्पोतून आमचं सामान उतरत होतं आणि घरमालक, आमचं नावगाव विचारायचं सोडून, आमच्या गादीचा वास घेत होते. आधी या कोपऱ्याचा, मग त्या कोपऱ्याचा. मग पोराचा ताप बघावा तसा तळहात उलटा करून त्यांनी गादीवर टेकवला आणि म्हणाले, "दोन दिवस गच्चीत टाका. मग आत घ्या."

"आणि तोवर झोपायचं कशावर, काका?" माझ्या नवऱ्यानं विचारलं.

"चटई देतो ना. कोरडी आहे."

अशा रीतीनं परभणीहून सुरतेला आलेल्या आमच्या संसाराची सुरुवात चटईवर झाली. गादी गच्चीत उन्हं खात पडली होती आणि काका मधूनमधून वर जाऊन तिची तब्येत बघून येत होते.

ओलीला गुजरातीत भेज म्हणतात. काका मूळचे अमळनेरकडचे. घरात बायकोशी अहिराणी बोलायचे, आमच्याशी मराठी, रिक्षावाल्याशी हिंदी. पण ओल हा शब्द त्यांच्या तोंडून मी कुठल्याही भाषेत ऐकला नाही. कायम भेजच. गुजराती माणसांबरोबर सगळी नोकरी झाली, तेव्हा शत्रूचं नाव त्यांनी त्यांच्याकडूनच उचललं असावं. नवागाममधल्या त्या घरात आम्ही तीन भाडेकरू होतो आणि तिन्ही घरं त्यांना पाठीमागे भेजकाका म्हणायची. समोर नुसतं काका.

गंमत म्हणजे या माणसानं जन्मभर पाण्याचंच काम केलं होतं. पाणीपुरवठ्यात पंप ऑपरेटर. पंप सुरू करायचा, बंद करायचा, बिघडला की उघडायचा, आणि टाकीत पाणी कमी आलं की लाइन कुठं फुटलीय ते शोधत फिरायचं. निवृत्त झाल्यावरही लोकांच्या घरचे पंप दुरुस्त करून द्यायचे. पाण्याशी त्यांचं वैर नव्हतंच. फक्त पाण्यानं आपली पायरी ओळखून राहावं, असं त्यांचं म्हणणं. "पाणी नळात शोभतं," हे वाक्य दिवसातून एकदा तरी कानावर पडायचं. नवीन भाडेकरूला घराचे नियम सांगून झाले की शेवटी हे वाक्य यायचं, त्यावर सहीशिक्का मारल्यासारखं.

नियमही साधेसुधे नव्हते. ओली छत्री फाटकापाशी उलटी टांगायची. मोरीतून निघताना पाय पुसायचे, आणि पुसलेलं पायपुसणंही गच्चीत न्यायचं. खोलीत दोरी बांधायची नाही, खुर्चीच्या पाठीवर टॉवेल टाकायचा नाही. जिन्याच्या कोपऱ्यांत बशांतून मीठ ठेवलेलं असे. ते मीठ किती पाझरलंय यावरून काका घरातला भेज मोजायचे. पावसाळ्यात सकाळी उठून दूध आणायला निघालं की काका बशीवर वाकलेले दिसायचे.

एकदा मी न्हाऊन, केस तसेच मोकळे सोडून, काकूंकडे विरजण मागायला गेले. काकांनी उंबऱ्याबाहेर स्टूल ठेवलं. "बस इथं."

"काका, मला नुसतं विरजण हवंय."

"विरजण मिळेल. केस वाळू दे."

आतून टेबलफॅन आणला, वायर दारातून ताणून आणली आणि माझ्या डोक्यावर वारा सोडला. काकू आतून हसत होत्या. हसताना त्यांना धाप लागायची, मग तोंडाला पदर लावून थांबायच्या. विरजण मिळेपर्यंत माझे केस पापडासारखे कडक झाले होते.

मला ते सगळं विक्षिप्तपणाचं वाटे. त्यामागचं कारण काकूंनीच पुढे कधीतरी भाजी निवडताना सांगितलं. आधी त्यांचं घर नदीच्या बाजूला होतं. तापीला मोठा पूर आला तेव्हा खालचा मजला सगळा पाण्यात गेला. पाणी ओसरलं, गाळ उपसला, रंग दिला, पण त्या भिंती काही वाळल्या नाहीत. काकूंना दमा जडला तो त्याच घरात. काकांनी घर विकलं, नदीपासून लांब इकडे आले, आणि तेव्हापासून हाताची उलटी बाजू भिंतींना लावत फिरायला लागले.

"मी म्हणते, भिंतीला कशाला, माझ्या छातीला लावा हात," काकू म्हणाल्या. मग थांबल्या, श्वास घेतला. "तर म्हणतात, छाती भिंतीमुळं बिघडते."

अशा माणसाच्या हाती ते मशीन पडलं.

अडाजणमधलं एक गुजराती कुटुंब इंग्लंडहून कायमचं परत आलं होतं. येताना घरातलं सगळं किडूकमिडूक घेऊन आलं. काका त्यांचा पंप बघायला गेले, तर जिन्याखाली हे पांढरं चौकोनी धूड पडलेलं. कपडे वाळवायचा ड्रायर. इथं एवढं ऊन असताना याला वीज कोण घालणार, म्हणून त्या बाईंनी सांगितलं, "काका, लई जाव," म्हणजे घेऊन जा. काकांनी दुसऱ्यांदा विचारायची संधी दिली नाही. त्याच दुपारी टेम्पो आमच्या दारात.

गल्लीतल्या सगळ्यांना ते वॉशिंग मशीनच वाटलं. काका प्रत्येकाला समजावून सांगत होते, "वॉशिंग मशीन पाणी घेतं. हे पाणी देतं."

आणि खरंच द्यायचं. आत ओले कपडे टाकले की ड्रम फिरे, गरम हवा त्यातून खेळे, कपड्यांतलं पाणी वाफ होऊन त्या हवेबरोबर निघे. ती वाफ आतच एका गार जाळीवर जाऊन पुन्हा पाणी होई आणि वरच्या खणातल्या टाकीत जमा होई. ती टाकी काकांचा जीव की प्राण. कपडे वाळले की टाकी ओढून बाहेर काढायची आणि जो समोर दिसेल त्याला दाखवायची. "बघा. हे तुमच्या टॉवेलात होतं. टॉवेल तुम्ही तोंडाला लावता!" टॉवेल आपला नसला तरी समोरचा माणूस ओशाळायचा.

मशीन त्यांनी काकूंच्या पलंगाजवळ, मागच्या खोलीत बसवलं. त्याच खोलीत भेज जास्त, असं त्यांचं निदान. ते सुरू झालं की आमच्या खोलीतला पंखा मंद होई, त्यावरून आम्हाला कळे की काकूंची साडी आत गेली. दाराजवळची जाळी काका प्रत्येक वेळी साफ करत. त्यात जमलेला कापसासारखा मऊ बुरा चिमटीनं उचलून निरखून बघत. आणि मशीन आलं त्याच दिवशी त्यांनी त्याच्या खालच्या बाजूच्या सगळ्या फटी रुंद तपकिरी चिकटपट्टीनं बंद करून टाकल्या होत्या. खालून भेज आत जाऊ नये म्हणून.

माझी मुलगी झाली ती ऐन पावसाळ्यात. बाळंतपणाला माहेरी जायचं ठरलं होतं, पण बाईसाहेबांनी घाई केली. तान्ह्या पोरीचे लंगोट, दुपटी, माझी फडकी, आणि बाहेर आभाळ नुसतं गळतंय. खोलीत दोरी बांधायची नाही हा नियम आठवून मी रडकुंडीला आले होते, तेवढ्यात काका दारात उभे.

"लंगोट दे."

"अं?"

"लंगोट, लंगोट. काकूनं सांगितलंय. रोज सकाळी बादली भरून दारात ठेवायची. वाळवून देतो."

असं ते सुरू झालं. पाणीपुरवठ्याचा निवृत्त ऑपरेटर रोज माझ्या पोरीचे लंगोट मशीनमध्ये टाकत होता आणि घडी घालून गरमगरम आणून देत होता. घड्या अशा चोख की त्या उलगडायला जीव होत नसे. देताना एखादा लंगोट स्वतःच्या गालाला लावून म्हणायचे, "बघ. पापड!" त्या दिवसांत मला काकांवर रागवणं कठीण होतं. ते मी पुढे केलं.

झालं असं, की हळूहळू लंगोट पापडाचे घावन व्हायला लागले. गरम असायचे, पण आत दमट. फुकटच्या उपकाराला नाव कसं ठेवणार? मग एक दिवस काकाच म्हणाले, "तू नीट पिळत नाहीस."

मी जास्त पिळायला लागले. काका मशीन जास्त वेळ चालवायला लागले. लंगोट तसेच दमट. पण काका मात्र भलत्याच खुशीत. टाकी घेऊन आमच्याकडे आले. तळाला जेमतेम वाटीभर पाणी.

"बघितलंस? आधी भरून यायची. आता एवढंच!"

"म्हणजे काय, काका?"

"म्हणजे काय काय? घर सुकलं! भेजच राहिला नाही, तर पाणी येणार कुठून?"

काकूंनाही तेच सांगितलं. काकू पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. "हो," म्हणाल्या, आणि पुढचं बोलायच्या आत खोकल्याची उबळ आली. घर सुकलं तरी काकूंची छाती काही त्याला दाद देत नव्हती. दोन शब्द बोलल्या की थांबावं लागे. स्वयंपाक बंद झाला. मी वरण-भात पाठवायला लागले, पोळ्या काका लाटत. त्यांच्या पोळ्या कोरड्या होत्या हे वेगळं सांगायला नको.

काकांनी काकूंना थोडे दिवस कामरेजला त्यांच्या भावाकडे नेऊन ठेवलं. तिथं त्या चांगल्या झाल्या. भावाच्या अंगणात फिरायला लागल्या, फोनवर बोलायला लागल्या. परत आल्या आणि दोन-चार दिवसांत पुन्हा उशीला टेकल्या. पलंगामागच्या भिंतीवर काळे ठिपके उठलेले काकांना त्याच सुमारास दिसले, आणि त्यांची खात्री पटली की या घरात कोणीतरी चोरून भेज करतंय.

मग तपास सुरू झाला. काका खोल्याखोल्यांतून वास घेत फिरले. वरच्या भाडेकरूचं पोर भिजलेलं दप्तर घेऊन आलं तर त्याला फाटकात अडवलं. दुसऱ्याच्या मोरीचं दार सारखं उघडं असतं म्हणून त्याला स्प्रिंग बसवली. आणि एका दुपारी आमच्या खोलीत डोकावले, तर खुर्चीच्या पाठीवर चार लंगोट.

"हे काय?"

"लंगोट, काका."

"ते दिसतंय. माझ्या घरात, बंद खोलीत, कपडे वाळत घालतेस?"

"काका, हे तुमच्याच मशीनमधून आलेत. दमट होते म्हणून पंख्याखाली टाकले."

त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या मुलाला चोर म्हटलं होतं. "मशीनमधून दमट कपडा येतो? ते मशीन आहे की नळ?"

"हात लावून बघा ना."

त्यांनी हात लावला. उलटाच. आणि म्हणाले, "बाहेरचा कपडा इथं वाळत घालून माझ्या मशीनचं नाव सांगतेस. तिकडं ती बाई श्वासाला महाग झालीय. महिना झाला की खोली खाली करा."

नवरा मिलमधून आल्यावर त्याला सांगितलं. तो शांत माणूस. म्हणाला, "उधन्याला बघतो खोली. तिथं निदान लंगोटाला परवानगी असेल." पण रंगखात्यात दिवसभर राबून आलेल्या माणसानं पावसात तान्ह्या पोरीसाठी खोल्या शोधत फिरायचं, या विचारानं मला रडू आलं. राग लंगोटाचा नव्हता. खोटं ठरवल्याचा होता.

काकूंशी मात्र माझं भांडण नव्हतं. दुसऱ्या दिवशी काका औषध आणायला गेले तेव्हा मी पोरीला घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसले. मशीन चालू होतं, आत काकांची धोतरं फिरत होती. खोलीत कोंदट उकाडा. मी पोरीला पलंगावर ठेवायला वाकले आणि माझा चष्मा एकदम धुरकटला. पुसला. पुन्हा मशीनकडे तोंड केलं, पुन्हा धुरकटला. कपाटाच्या आरशावर बघितलं तर वाफ धरलेली.

"काकू, हे..."

"रोज धरते," काकू म्हणाल्या. श्वास घेतला. "मी पुसते... ते यायच्या आत."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. "म्हणजे तुम्हाला माहीत आहे? हे मशीनमुळं होतंय?"

"माहीत म्हणजे..." त्या थोडं हसल्या. "शिकलेली थोडीच आहे. पण ते चालू असलं की दाटून येतं. बंद असलं की जरा बरं."

"मग सांगत का नाही?"

काकूंनी पोरीच्या मुठीत आपलं बोट दिलं. "किती हौसेनं आणलंय. मला बरं वाटावं म्हणून. घर सुकलं, म्हणून नाचत होते परवा. तेस्ले नको सांगू." गडबडीत त्या माझ्याशीही अहिराणीत बोलून गेल्या. "त्यांना नको सांगूस, पोरी."

मी हो-नाही काही म्हटलं नाही. घरी आले आणि तासभर स्वतःशी भांडले. काकूंना शब्द दिलेला नव्हता, आणि खोली तर जाणारच होती. संध्याकाळी काका बशीतलं मीठ बघत होते तिथं जाऊन उभी राहिले.

"काका, एक विचारू? पंपावर असताना टाकीत पाणी कमी आलं तर तुम्ही काय समजायचात?"

"लाइन फुटलीय. दुसरं काय?"

"शहर सुकलं असं नाही समजायचात?"

ते बशीवरून सरळ झाले. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तुमच्या मशीनच्या टाकीत पाणी कमी येतंय. कपडे दमटच येतात. मग ते पाणी जातंय कुठं?"

"चष्म्याची काच पूस आणि घरी जा," ते म्हणाले आणि आत निघून गेले. चष्म्याचा उल्लेख मी केलाच नव्हता, त्यामुळे मला वाटलं की आरशावरची वाफ त्यांनीही कधीतरी पाहिली असावी.

पण हा माणूस पाण्याचा होता. पाण्याचा हिशेब लागला नाही तर त्याला चैन पडेना. सकाळी मी बघते तर काका तव्यावर मीठ भाजतायत. भाजून, गार करून त्यांनी ते बशांत वाटलं. एक बशी जिन्यात, एक मोरीजवळ, एक आमच्या खोलीत, न विचारता, आणि एक काकूंच्या खोलीत मशीनशेजारी. मग मशीन सुरू केलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

मशीन थांबल्यावर ते आधी आमच्याकडे आले. आमच्या खोलीतलं मीठ जरासं चिकट झालं होतं, हवाच तशी होती. जिन्यातलं तसंच. मग ते मागच्या खोलीत गेले. मी दारातून बघत होते. मशीनशेजारच्या बशीत मीठ दिसतच नव्हतं. बशीत पाणी होतं. काकांनी बशी उचलली, एका बाजूला कलती केली, पाणी इकडून तिकडे गेलं. ती तशीच हातात धरून ते पलंगाच्या कडेवर बसले. काकू त्यांच्याकडे बघत होत्या आणि माझ्याकडेही. माझ्याकडे जरा रागानं.

"आधी मशीनची पिन काढ," काका मला म्हणाले. उशिरानं मला कळलं की मला दुरुस्तीला मदतनीस म्हणून घेतलंय.

जुनं धोतर जमिनीवर पसरलं. वाटी आणली स्क्रू ठेवायला. मी बॅटरी धरून उभी, पोरगी काकूंच्या मांडीत. काकांनी मशीनची तपासणी तोंडानं सुरू केली. "गरम होतंय ना? म्हणजे हीटर बरा. ड्रम फिरतो ना? म्हणजे पट्टा बरा. दाराची जाळी साफ. मग वाफ पाणी का होत नाही? ती गार करायची जागा कुठं असेल?"

"खाली," मी म्हटलं. "तुम्ही चिकटपट्टी लावलीय ना, तिथं झाकणासारखं काहीतरी आहे."

काकांनी पट्टीकडे बघितलं. त्यांनी स्वतःच्या हातानं लावलेली, कडा नखानं दाबून बसवलेली पट्टी. ती ओढून काढताना आवाज झाला तेवढाच. खाली खरोखर झाकण होतं, त्यामागे दोन खिट्ट्या. त्या फिरवल्यावर आतून एक लांबट खोकं सरकून बाहेर आलं, गाडीच्या रेडिएटरसारखं, पातळ पत्र्यांच्या रांगा असलेलं. पत्रे मात्र दिसत नव्हते. फटीफटींत बुरा गच्च बसून त्याची गोधडी झाली होती. तांबूस आणि पांढरी. तांबूस काकूंच्या शालीचा, पांढरा माझ्या पोरीच्या लंगोटांचा. वेळोवेळी साफ करायचा भागच काकांनी बंद करून टाकला होता. हवेला वाट नव्हती, त्यात भोवतीचं रबर तडकलेलं, म्हणून सगळी वाफ फटीतून खोलीत, काकूंच्या उशाशी.

काकांनी त्या बुऱ्याची एक पट्टी सोलून काढली. हातात धरून बघत राहिले.

"मीच पाजत होतो हिला भेज," ते म्हणाले. मला नाही, कोणालाच नाही.

काकूंना बोलायला श्वासही नव्हता. नुसता हात लांब केला आणि त्यांच्या खांद्यावरचा बुरा झटकला.

पाऊस जरा थांबल्यावर काका ते खोकं घेऊन गच्चीत गेले. नळी लावून दोन्ही बाजूंनी धुतलं. पाण्याचा मारा कसा धरायचा, पत्रे न वाकता बुरा कसा सुटतो, हे मात्र बघण्यासारखं होतं. खोकं परत बसवलं, मशीन लावलं, आणि थोड्या वेळात लाल दिवा लागला. टाकी भरली, असं मशीन म्हणत होतं. टाकी रिकामी.

"आता हा खोटं बोलतोय," मी म्हटलं.

"खोटं नाही बोलत. खाली पाणी साठलंय, वर चढत नाही." काकांचा आवाज सकाळपासून पहिल्यांदा जरा वर आला. "पंप!"

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यांनी खालच्या बाजूला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. "गुणगुणतोय, पण ओढत नाही. अडकलंय काहीतरी." पिन काढायला लावली, मुठीएवढा पंप बाहेर काढला, उघडला. त्याच्या इवल्याशा पंख्याभोवती एक पांढरी नाडी गुंडाळलेली होती. काकांनी ती हळूहळू उलगडली, दोन टोकांना धरून बॅटरीच्या उजेडात आडवी ताणली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी कधी विसरणार नाही.

"लंगोटाची!"

"हो, काका."

"कच्ची शिवली होतीस."

"हो, काका."

"म्हणजे तुझीही चूक आहे."

"आहे, काका."

त्यांनी ती नाडी माझ्या हातात दिली. त्यांचं ओझं बरंच हलकं झालेलं दिसलं. मी मनातल्या मनात त्या नाडीचे आभार मानले.

राहिलं तडकलेलं रबर. तसल्या परदेशी मशीनचं रबर सुरतेत कुठं मिळणार? काका दोन दिवस कुठं कुठं हिंडले. सायकलची ट्यूब कापून लावली, ती गरम होऊन लोंबली. आणखी कसलंतरी जाड पांढरं रबर लावून बघितलं, ते वाकेना. शेवटी भंगारवाल्याकडून जुन्या फ्रिजच्या दाराचं रबर आणलं, ते बेतून, चिकटवून बसवलं, आणि मशीन लावून पुन्हा पायरीवर जाऊन बसले. मशीन थांबल्यावर टाकी काढली. काठोकाठ. त्यांनी ती कोणाला दाखवली नाही. सावकाश मोरीपर्यंत नेली आणि ओतली.

त्या संध्याकाळी ते आमच्या दारात आले. नवरा घरी होता. काका उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"मागचा हुकूम रद्द," म्हणाले.

"कुठला हुकूम, काका?" नवऱ्यानं मुद्दाम विचारलं.

"खोलीचा. आणि ती जी... ती मशीनला खोटं म्हणाली होती, ते..." इथं त्यांना शब्द सापडेना. मग म्हणाले, "बादली उद्यापासून ठेवत जा," आणि वळले.

मशीन पलंगाजवळून हलवून जिन्याखाली नेलं. काळे ठिपके खरवडून भिंतीला चुना दिला. काकूंना लगेच काही जादूसारखं बरं वाटलं नाही. पण टेकायला दोन उशा लागत होत्या, तिथं पुन्हा एक पुरायला लागली. मग त्या मोरीपर्यंत न थांबता जायला लागल्या. पुढे एक दिवस मी वरणाचं भांडं घेऊन गेले तर म्हणाल्या, "आजपासून नको आणू. मी टाकते डाळ."

मी तिथंच होते. काकूंनी डाळ धुतली, कुकर काढला, झाकण काढलं. रिंग नव्हती. शेल्फवर बघितलं, टोपल्यात बघितलं, मला विचारलं. मग ओट्याखालच्या काकांच्या हत्यारांच्या डब्यात हात घातला आणि एक जाड पांढरी पट्टी बाहेर काढली. गोल रिंग मधोमध कापून सरळ केलेली. मशीनला लावून बघितलेली आणि न बसलेली.

"अहो!"

काका आले. पट्टी बघितली आणि जागच्या जागी उभे राहिले.

"मन्हा कुकरनी रिंग कापी टाकी!" काकू म्हणाल्या. "घरमा एवढं रबर पडेल से, पंपना डब्बा भरेल से, आनि तुम्हले मन्हा कुकरच दिसना?" आणि तिथून जे सुरू झालं ते कुकरवरून मशीनवर गेलं, मशीनवरून त्या चिकटपट्टीवर, चिकटपट्टीवरून मिठावर, दर महिन्याला किती मीठ या घरात भिंतींना खाऊ घातलं जातं त्यावर, तिथून कामरेजच्या भावावर, त्याच्या अंगणात कशी दोरी बांधलीय आणि कोणी काही म्हणत नाही त्यावर, मग बाळंतिणीला खोली खाली करायला सांगणाऱ्या माणसावर, आणि फिरून पुन्हा रिंगेवर. मधे कुठं थांबणं नाही, उशीकडे बघणं नाही, तोंडाला पदर लावणं नाही.

काका मान खाली घालून ऐकत होते. मला आधी त्यांची दया आली. मग मी वाकून त्यांचा चेहरा बघितला. डोळे भरून आले होते आणि सगळा चेहरा हसत होता.

काकू एकदाच्या थांबल्या. दमून नाही, बोलायचं संपलं म्हणून.

"झालं?" काकांनी हळूच विचारलं.

"नही व्हयनं."

"मग बोल ना," म्हणाले, आणि स्टूल ओढून काकूंसमोर बसले.